मिठागरावर रोज मरणारा कप्तान

आमच्या जिल्ह्याला त्या साली पोलिसांचा नवा साहेब आला, तो पलटणीतला कप्तान होता. पलटणीतून जिल्ह्याच्या कामावर आलेल्या साहेबाने मराठीची परीक्षा दिली पाहिजे, नाहीतर परत पलटणीत जावे, असा सरकारचा नियम. हा कप्तान एकदा त्या परीक्षेला बसून आपटलेला होता. तेव्हा कलेक्टरसाहेबांनी आमच्या हेडमास्तरांना निरोप धाडला की एखादा शुद्ध बोलणारा माणूस द्या, आणि हेडमास्तरांनी मला दिले. मी तेव्हा ठाण्याच्या शाळेत व्याकरण शिकवीत असे. माझ्या शुद्ध बोलण्याची गावात ख्याती होती. निदान माझी तशी समजूत होती.

पहिल्या दिवशी पगडी-उपरणे चढवून, काखेत व्याकरणाचे पुस्तक घेऊन मी बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चेंडूफळीच्या बॅटी, जाळीच्या रॅकेटी, ठोसे मारायचे फुगीर हातमोजे, खिळ्यांचे बूट, होडीची वल्ही, आणि एका कोपऱ्यात हवा गेलेला फुटबॉल मांजरासारखा पडलेला. मला वाटले, साहेबाला पुष्कळ मुले दिसतात. पण साहेब सडाफटिंग होता. ते सगळे त्याचे एकट्याचे होते.

माणूस उंच, सडपातळ, तांबूस मिशांचा. चेहरा उन्हाने असा भाजलेला की तो लाजला की रागावला हे ओळखू येत नसे. माझ्याशी त्याने हात मिळवला, खुर्ची दिली, आणि पाठ केलेले एकुलते एक मराठी वाक्य म्हटले :

"मास्तर, माझी घोडा चांगले आहे."

मी म्हटले, "साहेब, आपण तीनही लिंगे एकाच वाक्यात वापरलीत."

तो खूश झाला. त्याला ती शाबासकी वाटली.

कप्तान पलटणीबरोबर पुष्कळ मुलूख हिंडलेला होता. लढायाही पाहिल्या होत्या. मला त्या ऐकायची फार हौस. मी विचारायचो, "अमक्या ठिकाणी आपण होता म्हणे? काय झालं तिथे?" तो कपाळाला आठ्या घालून आठवायचा आणि म्हणायचा, "फार वाईट जागा. जमीन दगडाची. चेंडू एकदम तोंडावर येतो." सरहद्दीपलीकडच्या एका डोंगरी किल्ल्याचे त्याने केलेले वर्णन मला अजून आठवते. तिथे उतार इतका की मारलेला चेंडू शोधायला खाली जावे, तर वरून गोळ्या येत. गोळ्यांबद्दल त्याची तक्रार नव्हती, चेंडू हरवला याबद्दल होती.

पुस्तक उघडले की मात्र त्याची कळा जायची. डोळे खिडकीबाहेर, पाय खुर्चीखाली सारखे हलत. महिना झाला तरी 'तो, ती, ते' जागच्या जागी. एक दिवस मीच कंटाळून म्हणालो, "साहेब, तुम्ही मैदानात प्रत्येक गडी कुठे उभा आहे ते लक्षात ठेवता. मग शब्द कुठे उभा आहे एवढं लक्षात राहू नये?"

हे मी बोलायला नको होते. तो ताडकन उठला, नोकराला हाक मारली आणि अंगणात खुर्च्या मांडायला लावल्या. डाव्या बाजूच्या खुर्च्या पुल्लिंगी, उजव्या स्त्रीलिंगी, समोर लांब आंब्याखालची ती नपुंसकलिंगी. मी शब्द म्हणायचा आणि चेंडू टाकायचा. त्याने तो बॅटीने त्या त्या लिंगाकडे मारायचा.

"भिंत!" म्हणून मी चेंडू टाकला. उजवीकडे, खुर्चीच्या पायाला.

"डोंगर!" डावीकडे, सणसणीत.

"दही!" तो क्षणभर थांबला, आणि चेंडू आंब्याकडे गेला.

आठ दिवसांत लिंगे पक्की झाली. माझा खांदा मात्र कायमचा दुखावला. पगडी सावरीत, उपरणे कमरेला खोचून मी "साखर! मीठ! हत्ती!" असे ओरडत चेंडू फेकतो आहे, हे कुंपणाबाहेरून जाणाऱ्या वकिलांनी पाहिले आणि कोर्टात जाऊन सांगितले. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारले, "ही नवी शिक्षणपद्धती कोणत्या पुस्तकातली?" घरी तर वेगळाच प्रसंग. चेंडू चामड्याचा. मी दारात दिसलो की आमच्या घरातून आवाज यायचा, "शिवलात ना आजही? मग आधी न्हाणीघर. आणि ते उपरणं बाहेरच राहू दे." थंडीच्या दिवसांत रोज संध्याकाळी डोक्यावरून पाणी घेऊन मी सरकारची नोकरी करीत होतो.

याच थंडीत एका संध्याकाळी कप्तानाला खाडीकाठच्या एका गावात चौकशीला जायचे होते. वाटेत बोलण्याचा सराव होईल म्हणून त्याने मलाही टांग्यात घातले. काम आटोपून परत येताना मिठागरांच्या कडेला मोकळ्या, कडक जमिनीवर माणसे जमलेली दिसली. आरडाओरडा चालला होता. कप्तानाने आधी टांगा थांबवला आणि मग मला विचारले, "भांडण?"

"नाही साहेब. आट्यापाट्या."

मी त्याला समजावून दिले. जमिनीवर आडव्या रेघा आखायच्या, त्या पाट्या. दर पाटीवर एक गडी उभा. त्याने आपली रेघ सोडायची नाही. मधून एक उभी रेघ असते, तिच्यावर मागेपुढे हिंडणारा गडी तो सूर. दुसऱ्या बाजूच्या गड्यांनी या सगळ्यांना हुलकावण्या देत पलीकडे जायचे आणि तसेच परत यायचे. कोणाचा हात लागला की मेला.

"चेंडू?" कप्तानाने विचारले.

"चेंडू नाही."

"बॅट?"

"काहीच नाही."

त्याच्या चेहऱ्यावर दया आली. एवढ्या सोप्या खेळासाठी ही माणसे इतकी का ओरडतात, असे त्याला वाटले असावे. त्याने कोट काढून माझ्या हातात दिला आणि तो सरळ खेळात जाऊन उभा राहिला. माणसे मागे सरली. पोलिसांचा मोठा साहेब, त्याला कोण शिवणार?

तिथे गावचा पाटील होता. आगऱ्यांतला जुना घरंदाज माणूस, मिठागरांचा धनी, हातात चांदीचे कडे, डोक्याला तांबडा रुमाल आणि पुढे भले मोठे पोट. ते पोट घेऊन हा माणूस पहिल्या पाटीवर उभा होता आणि आपल्यासारखा खेळणारा या खाडीच्या दोन्ही काठांना नाही हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगत असे. कप्तानाने त्याच्याकडे पाहिले, हसला, डावीकडे झुकला आणि उजवीकडून विजेसारखा निघाला. पाटलाने फक्त हात लांब केला. अगदी घरातल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा तो कप्तानाच्या पाठीवर पडला.

"सायेब मेला!" सगळा जमाव एकदम ओरडला.

टांग्यापाशी उभा असलेला पोलीस शिपाई दंडुका उगारून धावत आला. कोणी मारला, कसा मारला, मुडदा कुठे आहे? त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

कप्तान पुन्हा गेला, पुन्हा मेला. अंधार पडेपर्यंत तो पहिल्या पाटीच्या पलीकडे गेला नाही. शेवटी धापा टाकीत त्याने पाटलाला मराठीतून विचारले, "मी... का... मरतो?"

पाटील पोटावर हात फिरवीत म्हणाला, "सायेब, तुमचं डोलं आदी पलतान. पाय मंगशी येतान. मी पायांकरं बगतच नाय."

कप्तानाने माझ्याकडे पाहिले. मी शुद्ध मराठीत सांगितले की आपण ज्या दिशेस जाणार त्या दिशेस आपली दृष्टी अगोदर जाते. तो म्हणाला, "नको मास्तर. तो बोलला ते समजलं. तुमचं नाही समजलं."

त्या दिवसापासून बंगल्यावरची माझी शिकवणी नावापुरती उरली. ऊन कलले की साहेब घोड्यावर बसून मिठागरावर. सकाळी मी गेलो की तो मला आदल्या दिवसाचा वृत्तांत सांगायचा, आणि वृत्तांत एकच असायचा.

"मास्तर, काल मी पुष्कळ मेलो."

मी म्हटले, निदान क्रियापद तरी शिकून घेऊ. मग आम्ही 'मरणे' सगळ्या काळांत चालवले. मी मरतो, मी मेलो, मी मेलो होतो, मी मरेन, मी मरत असे. रीतिभूतकाळ त्याला फार आवडला.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडू लागली. कप्तानाचे मराठी सुटले. अडखळणे गेले, इंग्रजीतून मनात वाक्य जुळवणे गेले. पण ते मराठी माझे नव्हते! एका सकाळी पुस्तक उघडून मी म्हटले, "साहेब, आजचा धडा." तर तो खुर्चीत रेलून म्हणतो, "मास्तर, मना आज वाचाचं नाय. घोऱ्याचा पाय दुखतंय, त्याला बगाला जातंय."

मी पुस्तक मिटले. "साहेब, घोऱ्या नव्हे. घोडा. घोड्याचा."

"पाटील घोरा बोलतो."

"पाटील परीक्षेला बसायचा नाही."

"त्याला कशाला पायजे परीक्षा?" कप्तान म्हणाला, आणि तबेल्याकडे निघाला.

घरी मी हे गाऱ्हाणे घातले. आमच्या घरातून उत्तर आले, "बरं झालं. चेंडू तरी सुटला ना?"

होळीच्या आधी कल्याणला रेल्वेच्या साहेबलोकांशी ठाण्याच्या साहेबलोकांचा चेंडूफळीचा सामना ठरला. कल्याण म्हणजे रेल्वेच्या इंजिनांचे ठाणे, आणि तिथली गोरी मंडळीही इंजिनांसारखीच धिप्पाड. दरवर्षी ठाणेकरांना झोडून काढीत. या खेपेला कप्तान आहे म्हणून कलेक्टरसाहेब निश्चिंत होते. आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कप्तानाने मिठागरावर पाटलाला हुलकावणी द्यायला जाऊन घोटा मुरगळून घेतला. कलेक्टरसाहेबांना त्याने सांगितले की घोड्यावरून उतरताना पाय घसरला. घोडा बिचारा तबेल्यात चंदी खात होता, त्याला हा आळ ठाऊकही नव्हता.

मीही कल्याणला गेलो. परीक्षा तोंडावर आलेली, गाडीत तासभर तरी साहेब हाती लागेल असा माझा हिशेब. पण स्टेशनावर पाहतो तो पाटील, नवा रुमाल बांधून, मिठागरावरची सगळी फौज घेऊन उभा. "आमचा सायेब खेलतंय," तो मला म्हणाला, "मंग बगाला नको?"

मैदान रेल्वेच्या बंगल्यांमागे होते. साहेबलोक तंबूत, मडमा छत्र्यांखाली, आणि आम्ही कुंपणाच्या दोरीबाहेर. कप्तान लंगडत खेळायला आला. पाय दुखावलेल्याच्या वतीने दुसऱ्याने धावावे अशी त्या खेळात सवलत आहे. त्याप्रमाणे एक तरुण अंमलदार त्याच्यासाठी धावायला उभा राहिला. कप्तानाने मारायचे आणि जागेवर थांबायचे, एवढेच काम. आणि काय मारले त्याने त्या दिवशी! चेंडू कुंपणाबाहेर जाऊन पडला की पाटलाची माणसे तो उचलून, धोतराला पुसून परत टाकीत. पाटलाला मात्र खेळ पटत नव्हता. "एवरं मारतंय नि उभाच ऱ्हातंय. ह्यात काय मजा?" तो मला विचारीत राहिला.

जिंकायला थोडेच उरले असताना कप्तानाने एक चेंडू हलकेच ढकलला आणि स्वतःचा घोटाही विसरला, धावणारा गडीही विसरला. तो स्वतःच पळत सुटला. आता एकाच वाटेने दोघे धावताहेत. समोर रेल्वेचा एक जाडजूड साहेब चेंडू उचलायला वाकलेला. पाटलाला शेवटी ओळखीचे काहीतरी दिसले: पुढे वाकलेला तो पाटीवरचा गडी, आणि मागून धावत येणारा तो सूर. तो दोरीपाशी उडी मारून ओरडला, "सायेब! मंगं सूर हाय! डावीकरं, डावीकरं!"

आणि कप्तान वळला. त्या जाड साहेबाला त्याने अशी सुरेख हूल दिली की तो बसकण मारून खाली पडला. कप्तान त्याला वळसा घालून डावीकडे निसटला, दांड्या सोडून, धावपट्टी सोडून, थेट मडमांच्या छत्र्यांच्या दिशेने. तोपर्यंत मागे दांड्या उडाल्या होत्या.

मिठागरकरांनी आनंदाने आरोळी ठोकली. आपला साहेब कोणाच्याही हाती लागला नाही, एवढेच त्यांना दिसले. ठाणेकर थोडक्यात हरले.

कलेक्टरसाहेब तंबूतून उठून आले. चेहरा लाल. पाटलाकडे छडी दाखवून त्यांनी इंग्रजीत विचारले, "तो माणूस काय ओरडत होता? कोण तो?"

कप्तान घाम पुसत म्हणाला, "सर, तो माझा मराठीचा मास्तर."

मी तिथेच उभा होतो. काखेत पुस्तक होते. कलेक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले, आणि मग आम्ही दोघांनीही जमिनीकडे पाहिले.

परीक्षा मुंबईला झाली. मी बरोबर गेलो होतो, पण आत जायची मला परवानगी नव्हती. बाहेर बाकावर बसून दाराच्या फटीतून ऐकत होतो. आत दोन गोरे अंमलदार आणि आमच्यातले एक शास्त्रीबुवा. लेखी उतारा कप्तानाने कसाबसा पार पाडला हे मला ठाऊक होते. आता तोंडी.

शास्त्रीबुवांनी गोड आवाजात आरंभ केला, "साहेब, काल सायंकाळी आपण काय केलंत?"

आणि मी डोळे मिटून घेतले.

"कालचे सांजला," कप्तानाचा खणखणीत आवाज आला, "मी मेलो."

मग शास्त्रीबुवा खाकरले. "आपल्याला 'थकलो' म्हणायचं आहे काय?"

"नाय, नाय. मेलो. पाटलानं मारला. पन आदी मी चार पाट्या फोरल्या!"

पुढचे मला नीट ऐकू आले नाही, कारण कप्तान आट्यापाट्या समजावून देऊ लागला होता आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता. बहुधा त्याने परीक्षकांना पाटीवर उभे केले असावे. शास्त्रीबुवांचे हसणे मात्र मी स्पष्ट ऐकले; पोट धरून हसावे तसे. मग नियमाप्रमाणे बाहेरून एका माणसाला बोलावले, उमेदवाराने त्याची तक्रार ऐकून घ्यायची म्हणून. तो निघाला पनवेलीकडचा एक आगरी. शास्त्रीबुवांनी त्याला काही विचारायच्या आत तो नि कप्तान बोलायला लागले, आणि थांबेनात.

शास्त्रीबुवा बाहेर आले तेव्हा डोळे पुशीत होते. "तुम्हीच ना शिकवणारे?" त्यांनी मला विचारले. मी मान हलवली. "उत्तीर्ण केलंय. न करून सांगतो कोणाला! बाकी एक विचारू का, रागावू नका. आपलं मूळ गाव कुठलं?"

मी त्यांना शक्य तितक्या शुद्ध मराठीत उत्तर दिले. पण त्यांची खात्री पटलेली दिसली नाही.

पास झाला म्हणजे साहेब आता आमच्याकडेच राहणार, असे मी धरून चाललो होतो. सरकारचे मन निराळे. मराठी येते म्हणून ठेवले, आणि वर्ष सरायच्या आत सरहद्दीवर गडबड झाली म्हणून पलटणीने परत मागून घेतले. तिकडे मराठीचा काय उपयोग, हे विचारणारा मी कोण?

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो मिठागरावर गेला, मीही गेलो. त्या दिवशी त्याने पहिली पाटी ओलांडली, दुसरी ओलांडली, सुराला चुकवले आणि पलीकडच्या टोकाला पोचला. तिथून वळून परत आला. परतीची शेवटची पाटी म्हणजे पुन्हा पाटलाचीच. दोघे एकमेकांसमोर थांबले. कप्तानाचे डोळे पाटलाच्या चेहऱ्यावर, हलत नव्हते. मग काय झाले ते मला दिसले नाही इतके ते चटकन झाले. कप्तान अलीकडे होता आणि पाटलाचा हात हवेत.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. मी हळूच पाटलाजवळ जाऊन विचारले, "पाटील, सोडलात ना त्याला?"

पाटील भडकला. "मी? मी आपल्या बापाला सोरला नाय कंदी!" असे म्हणून तो तरातरा निघून गेला. दुसऱ्या दिवशी स्टेशनावर आला तेव्हाही माझ्याशी बोलला नाही. कप्तानाला मात्र त्याने मिठाची एक पुडी दिली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. गाडी हलली तेव्हा कप्तान खिडकीतून माझ्याकडे पाहून ओरडला, "मास्तर, मी परत येईन!" अगदी शुद्ध बोलला. मला ते ऐकून बरे वाटायला हवे होते, पण वाटले नाही.

तो परत आला नाही. दीड-दोन वर्षांनी कलेक्टरकचेरीतल्या चिटणिसांकडून कळले की सरहद्दीवर त्याच्या गुडघ्यात गोळी लागली, जीव वाचला, पाय मात्र ताठ राहिला, आणि तो विलायतेला आपल्या घरी गेला. नवे पोलीससाहेब तोवर रुळले होते. व्याकरण निर्दोष, खेळाची आवड नाही. मी त्यांना पुस्तकातून शिकवीत असे आणि वेळेवर घरी येत असे.

बातमी पाटलाला सांगायला हवी म्हणून एका रविवारी मी खाडीकाठी गेलो. पाटील आगराच्या बांधावर बसला होता. मी सांगितले. त्याने बांधावरचे मातीचे एक ढेकूळ उचलून आगरात टाकले.

मग म्हणाला, "कनचा पाय?"

"उजवा म्हणतात."

"हं." पाटलाने समोरच्या मोकळ्या जमिनीकडे पाहिले. "डावीकरं वलताना त्योच टाकाचा तो. मना ठावं होतं. म्हनून तर तो मना गावायचा." पायांकडे बघतच नाही असे सांगणारा हाच तो माणूस.

पोरे लांब कुठेतरी ओरडत होती. पाटलाने माझ्यासाठी गूळ-पाणी आणायला घरात निरोप धाडला, आणि आम्ही दोघे बांधावर बसून पाऊस यंदा लांबला, मीठ उशिरा धरेल, असे काहीबाही बोलत राहिलो.